चौदा नंबरची पोळी

माझ्या मुलीच्या घरी एक नियम आहे. कोंबड्यांना नावं द्यायची, कुत्र्याला द्यायचं, ट्रॅक्टरलासुद्धा द्यायचं, पण गोऱ्ह्यांना नाही. गोऱ्ह्यांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, बिल्ल्यावर नंबर असतो, आणि त्या नंबरानंच त्यांना ओळखायचं. मी राहायला आले त्याच महिन्यात चौदा आणि पंधरा असे दोघे आले. दोघेही काळे, बिनशिंगांचे, लहानपणीच खच्ची केलेले. आणि दोघेही खाण्यासाठी पाळलेले. हे आधीच सांगून टाकते, कारण दीड वर्ष मी ते मॉरिसव्हिलच्या माझ्या जुन्या मैत्रिणींपैकी कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी वसुधा. नागपूरहून अमेरिकेत आले आणि चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होते. माझ्याकडे माणसं कधी आली नाहीत, त्यांचे तुकडे आले, बाटलीत, लेबल लावून. त्यामुळे मला रक्तामांसाची शिसारी वगैरे काही नाही, आणि कुणी नाकाला पदर लावायला लागलं की माझं डोकंच फिरतं. दोन वर्षांपूर्वी गिरीश, माझे यजमान, गेले. आयसीयूत अकरा दिवस होते. बाराव्या दिवशी सकाळी मी खाली कॉफी आणायला गेले आणि वर येईपर्यंत संपलं होतं. मग मॉरिसव्हिलचं घर विकलं आणि चारुताकडे आले. ती फिजिकल थेरपिस्ट आहे, तिचा नवरा वेस विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्या टोळीत आहे, आणि वादळ कुठेही आलं तरी तो तिकडे असतो. नऊ वर्षांची आन्या, बारा एकर जमीन, आणि हे दोघे काळे.

पहिल्या वर्षी पितृपक्षात गिरीशची तिथी आली. मी सकाळी कणीक मळली आणि पहिली पोळी तव्यावरून काढली. आमच्या नागपूरच्या घरी पहिली पोळी गायीची असे. फाटकाशी एक गाय रोज येऊन उभी राहायची, आई तिला पोळी द्यायची, आणि मगच आमची ताटं वाढली जायची. इथे गाय कुठून आणायची? म्हणून अमेरिकेत चाळीस वर्षं माझी पहिली पोळी गिरीशच्या ताटात पडली. ते बिचारे उभ्यानंच खायचे, तूप लावून, पेजर सांभाळत. त्या दिवशी पोळी हातात घेऊन मी ओट्यापाशी उभी राहिले, आणि ती कुणाला द्यायची तेच मला कळेना. मला रडू आलं. खिडकीतून पाहिलं तर कुंपणाशी चौदा नंबर उभा होता.

मी पोळीवर वरणभात घातला, तुपाची धार सोडली आणि गेले. त्यानं आधी नुसतंच हुंगलं. मग ती लांब खरखरीत जीभ बाहेर आली आणि पोळी गेली. माझा तळहात ओला झाला. दुसऱ्या दिवशी तो आधीपासूनच तिथे होता.

"आई, हातानं नको भरवू," चारुता म्हणाली.

"एक पोळी तर आहे. त्यानं काय पोट बिघडतंय त्याचं?"

"पोटाचं नाही गं. त्यांना बादलीची सवय आहे. मी मक्याचा भरडा घालून बादली हलवली की दोघे येतात. व्हेट आला, कुंपण बदललं, सगळं बादलीवर चालतं. आणि शेवटच्या दिवशीसुद्धा. तो फक्त तुझ्यासाठी यायला लागला तर मी काय करू?"

"तुझ्या बादलीच्या आड मी येत नाहीये," मी म्हटलं आणि विषय संपवला. विषय असा संपवायला मला चांगलं जमतं. गिरीश म्हणायचे, हिच्याशी वाद घालायचा तर जेवून घ्यावं आधी.

वर्षभर मी रोज गेले. थंडीत, चिखलात, डासांत. तो वाढत गेला, पहिल्यांदा माझ्या कमरेएवढा होता, मग खांद्याएवढा झाला. मी त्याला नाव दिलं नाही. नियम मोडला नाही. "ये रे, ये," एवढंच म्हणायची, आणि तो कुठेही असला तरी मान वर करून निघायचा, सावकाश, डुलत. पंधरा नंबर लाजाळू, तो मागे उभा राहून पाहायचा. पोळी झाली की मी थोडा वेळ कुंपणाला टेकून बोलत बसायची. काय बोलायची ते सांगणार नाही. गिरीशशी जे बोलायचं राहिलं होतं त्यातलंच बरंचसं होतं.

या वर्षी पितृपक्ष जवळ आला आणि पद्मिनीचा फोन आला. पद्मिनी माझी मॉरिसव्हिलमधली चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. तिच्या सासूचं, सासऱ्यांचं, सगळ्यांचं ती अगदी यथासांग करते.

"वसुधा, चारुताकडे गाई आहेत ना गं? अगं, आम्ही दरवर्षी गोग्रास बॅकयार्डमध्ये ठेवतो आणि हरणं येऊन खातात. मला इतकं गिल्टी वाटतं."

"गाई नाहीत, गोऱ्हे आहेत."

"गोवंशच ना? चालतं. आम्ही सर्वपित्रीला येतो. एकदोघी अजून विचारत होत्या, त्यांनाही आणते."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चाळीस वर्षांची सवय होती मला न सांगण्याची. म्हटलं, या.

एकदोघींच्या पाच गाड्या आल्या. रेशमी साड्या, पायात बूट, हातात फॉइलनं झाकलेली ताटं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, अळूची भाजी. चौदानं त्या दिवशी जी मेजवानी झोडली, ती त्याच्या सात पिढ्यांत कुणी झोडली नसेल. पद्मिनीनं त्याच्या कपाळावर कुंकू लावलं, नमस्कार केला आणि तिचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, माझेही आले. सगळ्या जणी एकेक करून पुढे आल्या, त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि मनातल्या मनात कुणाकुणाची नावं घेतली. इतकी वर्षं हरणांनी खाल्लेली सगळी ताटं जणू त्या दिवशी पोचली.

आन्या कुंपणावर चढून बसली होती. कुणीतरी कौतुकानं विचारलं, "बाळा, याला तुम्ही असंच कायम ठेवणार ना?"

"नो," आन्या म्हणाली. "ही इज गोइंग इन द फ्रीझर इन नोव्हेंबर."

पोर खोटं बोलत नाही, कारण तिच्या आईनं तिला तसं वाढवलंच नाही. पद्मिनीनं आधी आन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचं पाहणं मला सोसवेना. दहा मिनिटांत पाचही गाड्या गेल्या. एकीचं ताट राहिलं, तेही तिनं नंतर मागितलं नाही.

मला राग आला, आणि तो काढायला घरात एकच माणूस होतं.

"त्याच्या तोंडी मी तुझ्या बाबांचा घास घातलाय," मी चारुताला म्हटलं. "वर्षभर. आणि तू तो कापणार?"

चारुता भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला. "आई, मी लहान असताना दर सॅटर्डेला आपण स्विमिंगला जायचो. येताना पार्किंग लॉटमध्ये बाबा हॅम्बर्गर खायचे. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून, वास जावा म्हणून. आणि तू मला सांगायचीस, पद्मिनी मावशीला बोलू नकोस. आठवतं?"

"घरात कधी आणलं नाही."

"एग्झॅक्टली. घरात नाही. तो कोण होता, कुठे वाढला, कसा मेला, नोबडी न्यू. मला ते नको होतं. एक तर मला माहीत असायला हवं, ऑर आय स्टॉप ईटिंग इट. मी स्टॉप करून पाहिलं आई, कॉलेजमध्ये दोन वर्षं. मला नाही जमलं. म्हणून मग हे. तो या शेतातून कधीच कुठे जाणार नाही. ट्रक नाही, अनोळखी जागा नाही. बादलीत तोंड घालून उभा असेल आणि एका सेकंदात संपेल. ही वोंट ईव्हन नो." तिनं हात पुसले. "बाबांना तसं मिळालं नाही."

वादात हरले की मी खोलीत जाऊन दार लावून घेते, तसंच केलं.

पुढचे पंधरा दिवस पद्मिनीनं त्याला वाचवायची मोहीम चालवली, आणि मी लपूनछपून तिला सामील होते. दोन गोशाळांना फोन झाले. दोन्हीकडे जागा नव्हती. असे सोडवलेले गोऱ्हे इतके येतात की त्यांनी नवीन घेणंच बंद केलं होतं. शेवटी मी पद्मिनीलाच विचारलं, "तुझ्याकडे ठेवशील? अर्ध्या एकराचं तर बॅकयार्ड आहे."

"अगं वसुधा, आमच्या सोसायटीच्या एचओएला वांग्याचा वाफा चालत नाही. बाराशे पाउंडांचा बैल?"

"मग मी काय करू?"

"मला सांगू नकोस कधी ते," ती म्हणाली. "तारीख सांगू नकोस." तिनं फोन ठेवला, आणि मला वाटलं, हेच तर मी गिरीशच्या हॅम्बर्गरबद्दल केलं होतं. दिसायला नको, बस.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार ठरला. वेस परगावी होता. चारुतानं आन्याला मैत्रिणीकडे पाठवलं आणि मला म्हणाली, "आई, तू आत राहा. रेडिओ लाव मोठ्यानं. झालं की मी येते." मी हो म्हटलं. मला हेही माहीत होतं की मी त्या दिवशी पोळी करणार नाही. पण सकाळी सहाला माझे हात आपोआप कणकेत गेले.

रॉय नावाचा म्हातारा सातला आला. तो गावोगाव जाऊन हेच काम करतो. ट्रकवर एक उंच लोखंडी हात आणि कप्पी, मागे पाण्याची टाकी. बोलायला मऊ माणूस. ट्रक मागे घेताना त्याचा रिव्हर्सचा भोंगा जोरात किंचाळला, तसा तो किंचाळतोच, आणि चौदा आणि पंधरा दोघेही शेपट्या वर करून शेताच्या पार टोकाला, पाइनच्या झाडांपाशी पळाले.

खिडकीतून मला सगळं दिसत होतं. चारुतानं बादली हलवली. पंधरा चार पावलं पुढे आला. चौदा आला नाही. तिनं पुन्हा हलवली. तिनं जवळ जायचा प्रयत्न केला तर तो आणखी आत सरकला. असा अर्धा तास गेला. मी रेडिओ बंद केला.

ती दोघं मागच्या पायरीपाशी येऊन बोलायला लागली. रॉय म्हणत होता, मी पळत्या जनावरावर गोळी झाडत नाही, कधीच झाडलेली नाही. घाबरलेलं जनावर मारणं त्याच्यावर अन्याय आहे आणि मांसही वाया जातं. डिसेंबरातली माझी तारीख पंधरासाठी ठरलेली आहे, एका दिवसात दोन होत नाहीत; आता एक तर चौदासाठी थंडीनंतर परत येईन, नाहीतर सोमवारी ट्रेलर आणून त्याला कत्तलखान्यावर न्या. दोन तासांचा रस्ता आहे. रात्रभर तिथल्या पिंजऱ्यात राहील, मंगळवारी नंबर लागेल. सोमवारी वेस येणार होता, आणि थंडीनंतरपर्यंत थांबायला मका आणि गवत तेवढं नव्हतं. ट्रेलर ठरल्यात जमा होता.

ती आत आली. पाणी प्यायली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी केलेलं तिला दिसत होतं, आणि तरी तिनं एक शब्द काढला नाही. वर्षभरापूर्वी जे म्हणाली होती ते आता बोलून दाखवायचा तिला पुरेपूर हक्क होता. मी तिच्या जागी असते तर दहादा ऐकवलं असतं.

"इट्स ओके," ती म्हणाली. "ट्रेलरनं नेऊ."

ओट्यावर पहिली पोळी होती. झाकलेली.

मला एक गोष्ट अगदी स्वच्छ कळत होती. त्याला विचारलं असतं तर तो जगायचं म्हणाला असता. कोणीही म्हणेल. पण तो प्रश्न आता त्या शेतात उरलाच नव्हता. उरलं होतं ते एवढंच, की दोन तास लोखंडी डब्यात, मग अनोळखी वासांत एकट्यानं एक रात्र, मग अनोळखी हात. की इथे, त्याच्या गवतात. आणि हे ठरवणारी मीच होते, कारण त्याला बादलीपासून तोडलं होतं मी. माझ्या प्रेमानं, माझ्या रडण्यानं, माझ्या हट्टानं. मी आत बसून राहिले असते तर माझे हात स्वच्छ राहिले असते आणि त्याची किंमत त्यानं मोजली असती. मला स्वतःची इतकी चीड आली की पाय आपोआप उठले.

मी वरणभात घातला. तूप घातलं.

"आई?" चारुता म्हणाली.

"रॉयला सांग, ट्रक बंद ठेव. आणि मी कुठे उभी राहायची ते विचार."

रॉयनं मला नीट समजावलं. मी कुंपणाच्या अलीकडे उभं राहायचं, पोळी द्यायची, मग दोन पावलं मागे, रॉयच्या डाव्या खांद्यामागे यायचं. तो घाई करणार नाही. गोळी कुठे लागते ते त्यानं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. पद्मिनीनं कुंकू लावलं होतं, बरोबर तिथेच.

मी कुंपणाशी गेले.

"ये रे, ये."

त्यानं मान वर केली. मला एक क्षण वाटलं, नको येऊस. हे मी खरं सांगते. पण तो निघाला, नेहमीसारखा, सावकाश, डुलत, आणि त्याच्या मागून पंधराही. शंभर पावलं असतील. मी हाक मारत राहिले, म्हणजे आवाज तुटू नये. तो आला, नेहमीच्या जागी उभा राहिला, श्वासाची वाफ माझ्या हातावर आली. जीभ आली. अर्धी पोळी मी हातानं दिली, अर्धी खाली गवतावर टाकली. त्यानं मान खाली घातली. मी मागे झाले.

आवाज मला वाटला होता त्यापेक्षा लहान होता. तो सरळ खाली बसल्यासारखा पडला. पोळी अजून तोंडात होती.

चारुतानं माझा दंड धरला. "आत चल आई."

"नाही," मी म्हटलं. "थांबते."

रॉयनं गळ्यावर सुरी चालवली, रक्त गवतात गेलं, पाय काही वेळ हलले आणि थांबले. मला माहीत होतं की ते हलणं म्हणजे दुखणं नव्हे. माहीत असणं आणि उभं राहणं वेगळं असतं. मी शेवटपर्यंत उभी राहिले. गिरीशच्या वेळी खाली कॉफीच्या रांगेत होते, माझ्यापुढे दोन माणसं होती आणि मला साखर सापडत नव्हती. ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि त्या कुंपणाशी मी ते चारुताला सांगितलं. ती रडली. मीही रडले. रॉय पाठमोरा होऊन त्याच्या साखळ्या लावत राहिला, भला माणूस.

संध्याकाळी मी पद्मिनीला फोन केला. तारीख सांगू नकोस म्हणाली होती, तरी सांगितली. "आज झालं. मीच हाक मारली त्याला." मला वाटलं, ती फोन आपटेल. ती म्हणाली, "त्रास झाला का गं त्याला?" मी म्हटलं, नाही. "आणि तुला?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पोळी तव्यावरून निघाली तेव्हा बाहेर पंधरा हंबरत होता. रात्रभर हंबरत होता तो, सोबत गेली म्हणून. डिसेंबरमध्ये रॉय परत येणार होता, पंधरासाठी. चारुता भरड्याची बादली घेऊन बाहेर निघाली होती. मी माझी पोळी घेऊन तिच्या मागून गेले.

पंधरा कुंपणाशी आला. बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चारुतानं बादली माझ्यापुढे धरली, पोळी त्यात टाकावी म्हणून. तेच शहाणपणाचं होतं. मी पोळी धरलेला हात बादलीवर नेला आणि तसाच पुढे कुंपणापलीकडे घातला. त्या लाजाळूनं आधी हुंगलं, बराच वेळ, आणि मग घेतली.

"आई, मग यालाही तूच बोलवायचं," चारुता म्हणाली.

"बोलवीन," मी म्हटलं.